बेकार कसं व्हावं: सुरतेतल्या नवशिक्यांसाठी

नोकरी जाणं सोपं असतं, असा नवशिक्यांचा समज असतो. सकाळी डबा घेऊन निघालो, दहा वाजता तोच भरलेला डबा घेऊन परत आलो, झालो बेकार. तसं नसतं भो. त्या दिवशी तुम्ही फक्त लवकर घरी येता. बेकार व्हायला त्यापुढे महिनेच्या महिने लागतात, आणि पुष्कळांना ते शेवटपर्यंत जमत नाही.

माझं डिंडोलीत झेरॉक्सचं दुकान आहे. 'सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन लिप्यांत लावली आहे. यातल्या दोन लिप्या एकच आहेत हे पेंटरनं लक्षात आणून दिलं तेव्हा पैसे देऊन झाले होते. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार इथून उधन्याला उतरलेली आपली माणसं या पाटीखाली येऊन विचारतात, "काम सुटलं, सरकार काही देतं का?" मी खुर्ची देतो आणि उलट विचारतो, "काम होतं कशावरून?" माणूस हात पुढे करतो. हाताला धाग्याचे काप असतात, रंगाचे डाग असतात, हिरेवाला असेल तर बोटांची टोकं गुळगुळीत झालेली असतात. सरकारला मात्र हाताची झेरॉक्स चालत नाही.

सगळी अडचण इथंच आहे. सरकारच्या लेखी बेकार व्हायला आधी नोकरी लागते. ती होती असं सांगणारा कागद लागतो. आणि तो कागद, ज्यानं काढून टाकलं त्याच्याच ड्रॉवरमध्ये असतो. असलाच तर. म्हणून ज्यांना बेकार व्हायचंय त्यांनी तयारी निदान दोन वर्षं आधी सुरू करावी. तीन वर्षं मिळाली तर उत्तम. कशी, ते पुढे सांगतो.

धंदा विचारपूर्वक निवडा

सुरतेत बेकार व्हायला मुख्यतः दोन धंदे आहेत, हिरा आणि कापड. दोन्हींत नोकरी सारखीच जाते, पण हिऱ्यातली नोकरी जरा वजनदारपणे जाते.

जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत पैलू पाडून घेतात. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये कुणी लग्न पुढे ढकललं की हिरेवाल्या वराछात कुणाची तरी हिरे घासायची घंटी बंद होते. गेल्या दोन-तीन वर्षांत लग्नं नुसती पुढे ढकलली असती तरी परवडलं असतं. रशियाच्या हिऱ्यांवर 2024 पासून जी-7 देशांनी बंदी घातली, चीनची मागणी बसली, प्रयोगशाळेत पिकवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडले, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरची जकात 50 टक्क्यांवर नेली. गंमत अशी की याच पडझडीच्या तोंडावर, डिसेंबर 2023 मध्ये, खजोदला सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. जगातली सर्वांत मोठी कार्यालयीन इमारत. बेकार व्हायचं तर अशा भव्य पार्श्वभूमीवर व्हावं.

हिरा घसणाऱ्याला आता कुणी हिरा घसणारा म्हणत नाही. तो 'रत्नकलाकार' आहे. हा शब्द ऐकायला फार गोड आहे, पण नवशिक्यानं सावध राहावं. कलाकाराला मानधन असतं, टाळ्या असतात, सत्कारात शाल असते. हजेरीपट असतोच असं नाही.

तर या रत्नकलाकारांसाठी गुजरात सरकारनं मे 2025 मध्ये खास पॅकेज जाहीर केलं. त्याआधी मार्चअखेर त्यांनी सुरतेत मोर्चा काढला होता, संप केला होता. 2008 च्या मंदीनंतर 'रत्नदीप' नावाची प्रशिक्षणाची योजना आली होती, तिचीही आठवण करून दिली होती. पॅकेज असं: मुलांची शाळेची फी, वर्षाला 13,500 रुपयांपर्यंत, एका वर्षासाठी. पैसे शाळेला, तुम्हाला नाहीत. याशिवाय लहान कारखानदारांना 5 लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन वर्षं 9 टक्के व्याजाची सवलत आणि एक वर्ष वीजशुल्क माफ. शेवटच्या दोन गोष्टी मालकांसाठी आहेत, पण वाचायला हरकत नाही.

अटी लक्षात ठेवा. वय 21 च्या वर. हिऱ्याच्या कारखान्यात निदान तीन वर्षांचं काम. आणि नोकरी 31 मार्च 2024 नंतर गेलेली असावी. नवशिके चुकतात ते इथं. माझ्याकडे आलेल्या एकाची नोकरी त्या वर्षीच्या होळीला गेली, म्हणजे जेमतेम आठवडाभर आधी. मी त्याला म्हटलं, थोडा धीर धरला असता तर काय बिघडलं असतं? मंदी होती हे खरं, पण तारीख पाहून घरी बसायचं भान माणसाला असायला हवं.

आता आपल्या माणसांची खास गोची. फीचे पैसे मिळायला फी असावी लागते. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते आणि आपल्यातल्या पुष्कळांची पोरं तिथं शिकतात, फुकट. फी शून्य, म्हणून मदत शून्य. खासगी इंग्रजी शाळेत पोराला घालून जो आधीच कर्जात बुडाला, त्याला 13,500 चा आधार. ज्यानं अंथरूण पाहून पाय पसरले, त्याला सरकारतर्फे हार्दिक शुभेच्छा. ज्याचं लग्नच झालेलं नाही त्यानं आधी लग्न करावं, मूल होऊ द्यावं, ते शाळेच्या वयाचं होऊ द्यावं आणि मग अर्ज करावा. अर्जाची मुदत दोन महिने होती.

कापडवाल्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. लूम्सचं खातं, डाईंग मिलमधलं जेट आणि स्टेंटर, एम्ब्रॉयडरीचं मशीन, साडीची घडी आणि पॅकिंग, यांतून बाहेर पडलेल्याला त्या पॅकेजमध्ये जागा नाही. आपली बहुसंख्य माणसं याच कामांत आहेत. लिंबायतच्या एकाच चाळीत खाली हिरेवाला आणि वर लूमवाला राहतो. दोघांची भाजी एकाच हातगाडीवरून येते आणि दोघांची उधारी एकाच वहीत असते. वरच्यानं खालच्याला विचारलं, तुझं काम कशानं गेलं? तो म्हणाला, अमेरिकेमुळे. वरचा म्हणाला, माझं नुसतंच गेलं.

साहित्य

नेमणूकपत्र एक, हजेरीकार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या जितक्या जुन्या तितक्या चांगल्या, बँकेचं पासबुक (पगार रोख मिळत असल्यास ते वाचायला छान कोरं राहतं), आधार, पीएफचा नंबर, ईएसआयचं कार्ड, फोटो सहा, चप्पल मजबूत.

यांतलं काहीच नसेल तर घाबरू नका. तुम्ही बहुमतात आहात. पण शोधून पाहा. गुजरातेत महिन्याला 12,000 च्या वर पगार असेल तर 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स कापतात. ही कापाकापी आपण शिव्या देऊन विसरतो, पण ती जपण्यासारखी गोष्ट आहे. तुम्ही नोकरी करत होता याची सरकारनं स्वतःच्या हातानं घेतलेली नोंद म्हणजे हा 200 चा आकडा. लग्नपत्रिकेसारखा जपून ठेवा.

नावाचंही बघा. आधारवर 'भाऊसाहेब', पीएफमध्ये 'भावसाहेब', बँकेत नुसतंच 'बी. एस.', अशी एका माणसाची तीन माणसं झालेली असतात. कामावर तिघं मिळून एकच पगार घेत होती, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. बेकार मात्र तिघांनी एकाच नावानं व्हावं लागतं.

ई-श्रम कार्ड बहुतेकांच्या पाकिटात असतंच. ते 2021 च्या ऑगस्टपासून निघालं, बारा आकडी नंबर आहे, मी स्वतः हजारभर तरी लॅमिनेट केली असतील. दिसायला सुंदर आहे. बेकारीसाठी त्याचा उपयोग विचाराल तर लॅमिनेशन चांगलं टिकतं.

नोकरी गेली हे ओळखावं कसं

हा वाटतो तेवढा सोपा विषय नाही. सुरतेत माणसाला सहसा कुणी 'उद्यापासून येऊ नको' असं म्हणत नाही. ते असभ्य समजतात. इथं सुट्टी वाढते.

दिवाळीचं वेकेशन तीन आठवड्यांचं असतं. तुम्ही सुरत-भुसावळ गाडी पकडून गावी जाता, कपाशी वेचायला हात लावता, तोवर फोन येतो की आणखी आठ दिवस थांबा. मग आणखी पंधरा. शेठ कधीच नाही म्हणत नाही. 'माल आला की बोलावतो' हे सुरतेतलं सर्वांत लांब वाक्य आहे. काहींचं अजून संपलेलं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सुरतेतल्या एका अगदी मोठ्या हिरे कंपनीनं आपल्या पन्नास हजारांच्या आसपास कामगारांना दहा दिवसांची सुट्टी दिली, तेव्हा देशभर बातमी झाली. लहान कारखान्यांत अशा सुट्ट्या बातमीशिवायच होत असतात.

अधिकाऱ्यापुढे हा प्रश्न मोठा होतो. तो विचारतो, नोकरी कोणत्या तारखेला गेली? तुम्ही म्हणता, दिवाळीत. तो म्हणतो, दिवाळी पाच दिवसांची असते. मग तुम्हाला आठवावं लागतं की नेमकं कधी कळलं. शेठनं फोन उचलणं बंद केलं तेव्हा? मुकादमानं तुमची जागा साफ करायला सांगितली तेव्हा? की आखाजीला गावी गेलात आणि आईनं विचारलं, "आज कामले जावानं नही का?" तेव्हा? माझा सल्ला असा की यांतली जी तारीख अटीत बसते तीच खरी धरावी, असं म्हणायचा मोह आवरावा आणि मुकादमाचा तारखेसह आलेला मेसेज जपून ठेवावा. तो 'कल मत आना' एवढाच असला तरी चालेल. नोकरीच्या सबंध काळात शेठनं दिलेला तो एकमेव लेखी दस्तऐवज असू शकतो.

एवढं मात्र गंमत सोडून सांगतो. हिशेब घ्यायला बोलावलं की टेबलावर एक कागद असतो. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मी स्वखुशीनं काम सोडत आहे. कधी कागद कोराच असतो. सही केली की पंधरवड्याचा अडकलेला पगार मिळतो, म्हणून माणूस सही करतो. त्या एका सहीनं तो बेकार न राहता 'सोडून गेलेला' होतो. कायद्यानं कामावरून कमी केलेल्या माणसाला प्रत्येक पुऱ्या वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नव्या संहितेत तर पुनर्कौशल्य निधी म्हणून आणखी 15 दिवसांचा पगार कामगाराच्या खात्यात 45 दिवसांत जमा व्हायचा आहे. हे सगळं कमी केलेल्यासाठी. स्वखुशीनं गेलेल्याला नाही. चार पोरांचा बाप फाल्गुनात स्वखुशीनं बिनपगारी झाला, असं लिहून देताना निदान एकदा वाचून तरी पाहावं.

विमा योजनेतून बेकार होण्याची पद्धत

ज्यांच्याकडे ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे ते बेकारांतले खानदानी लोक. त्यांच्यासाठी 2018 च्या जुलैपासून 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. आधी त्यात रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळायचे. कोरोनाची टाळेबंदी जाहीर झाली त्या दिवसापासून, म्हणजे 24 मार्च 2020 पासून, ते 50 टक्के झाले. जास्तीत जास्त 90 दिवस. आणि आयुष्यात एकदाच.

एकदाच, हे नीट समजून घ्या. वयाच्या पंचविशीत उधळून टाकू नका. सुरतेत माणूस साधारण तीन-चारदा बेकार होतो. त्यांतली कोणती बेकारी सर्वांत चांगली, हे आधीच कळायला हवं. पहिल्या वेळी वाटतं, पुढच्या वेळेसाठी ठेवू. पुढच्या वेळी कळतं की यंदाच्या शेठनं विमाच भरलेला नाही.

ईएसआयची पगाराची मर्यादा 21,000 आहे. त्या मर्यादेवर असलात तर ढोबळ हिशेबानं दिवसाला साडेतीनशे, 90 दिवसांचे 31,500 होतात. डिंडोलीत दोन खोल्यांचं भाडं, किराणा आणि गावी पाठवायचे पैसे धरून त्यांत काय होतं, ते घरात ज्या हिशेब ठेवतात त्यांना विचारा. पण काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ आहेत, आणि पुष्कळांना ते असतात हेच माहीत नसतं. मी विचारलं की तुझ्या पगारातून पाऊण टक्का कापला जायचा का, तर माणूस म्हणतो, कापायचे काहीतरी, मला वाटलं शेठच घेतो. काही ठिकाणी त्याचं वाटणं बरोबर निघतं.

अटी अशा. नोकरी जाण्याआधी निदान दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत असावं. वर्षाचे दोन तुकडे असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी गेली त्याच्या लगतच्या आधीच्या तुकड्यात 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि मागच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन तुकड्यांपैकी एकात आणखी 78 दिवसांची. 77 चालत नाहीत. गैरवर्तनासाठी काढलेल्याला नाही, निवृत्त झालेल्याला नाही, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला नाही. नोकरी गेल्यावर 30 दिवस थांबून मग दावा करायचा. हे 30 दिवस काय करावं याबद्दल योजनेत काही म्हटलेलं नाही. शिवाय ही योजना मुदत वाढवत वाढवत चालली आहे. जाण्यापूर्वी ती चालू आहे ना, ते विचारून घ्या. योजनाच बेकार झालेली असू शकते.

पूर्वी दाव्याचा अर्ज त्या मालकामार्फतच जायचा ज्यानं तुम्हाला काढलं. सासूच्या शिफारशीवर घटस्फोट मिळवण्यासारखं होतं ते. शिवाय 20 रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र, नोटरीसमोर. गुजरातीत प्रतिज्ञापत्राला 'सोगंदनामुं' म्हणतात. आपली माणसं ते ऐकून खरोखरच देवाची शपथ घ्यायची असते असं समजत. एकानं कानबाईची घ्यायची तयारी दाखवली होती. 2020 मध्ये या दोन्ही अटी काढल्या. आता अर्ज ऑनलाइन, पैसे थेट खात्यात. त्यामुळे नोटरीचा आणि माझा थोडा तोटा झाला, पण ही सुधारणा चांगली आहे हे मान्य केलं पाहिजे.

मूळ प्रश्न तसाच आहे. ईएसआय लागू व्हायला कारखान्यात 10 माणसं लागतात. सुरतेत गणित पक्कं असतं. एका पत्र्याखाली छत्तीस माणसं काम करतात, दारावर चार पाट्या, चार मालक: शेठ, शेठाणी, शेठांचे बंधू आणि शेठांचं एक कुत्र्याएवढं पोर. प्रत्येकाकडे नऊ कामगार. तुम्ही रोज एकाच दारानं आत जाता, एकाच माठातलं पाणी पिता, पण कोणत्या नऊंत आहात हे तुम्हाला कुणी सांगत नाही. नऊ हा आकडा इथं पवित्र आहे. नवरात्रापेक्षाही.

कापड कामगारांसाठी केंद्राची एक चांगली योजना होती. 15 सप्टेंबर 1986 पासून. कायमच्या बंद पडलेल्या गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. आकडे बघून कुणालाही नोकरी सोडावीशी वाटेल. पण ती मोठ्या, रीतसर परवाना असलेल्या गिरण्यांसाठी होती. लहान उद्योगांत मोडणारी युनिटं त्यात बसत नव्हती. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या बंद पडायच्या त्या रुबाबात, भोंग्यासकट. सुरतेचं लूम खातं बंद पडत नाही, शुक्रवारी नाव बदलतं आणि सोमवारी दुसऱ्या माणसांसह सुरू होतं. 2017 साली ती योजना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. ही दुसरी योजना ईएसआयची आहे. म्हणजे पुन्हा कार्ड. म्हणजे पुन्हा ते नऊ.

पीएफबद्दल थोडक्यात. ते मदत नाही, तुमचेच पैसे आहेत, पण मिळाले की मदतीसारखा आनंद होतो. ऑक्टोबर 2025 मध्ये विश्वस्त मंडळानं ठरवलं की नोकरी गेल्यावर 75 टक्के लगेच काढता येतील आणि उरलेले 25 टक्के बारा महिन्यांनी. आधी दोन महिन्यांत सगळे निघत. उरलेल्या पंचवीस टक्क्यांत म्हातारपणाची सोय होईल, असा त्यामागचा विचार आहे. म्हातारपण बारा महिन्यांत यावं अशी व्यवस्था एरवीही झालेलीच असते.

बाहेरच्या जगात कसं करतात

अमेरिकेचा दाखला घेऊ, कारण आपल्या नोकऱ्या तिकडूनच जातात. तिथं 1962 साली केनेडींच्या काळात कायदा झाला: परदेशी मालामुळे ज्याची नोकरी जाईल त्याला सरकार भत्ता देईल, नवं काम शिकवील. पहिली सात वर्षं एकाही कामगारगटाचा अर्ज मंजूर झाला नाही. हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. 1965 मध्ये कॅनडाशी मोटारींचा आणि मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार खुला केला, तेव्हा त्या धंद्यातल्या कामगारांसाठी वेगळी, जरा सैल तरतूद करावी लागली. 1974 नंतर दार मोठं झालं, आणि पुढच्या काळात मोटारींचे भाग बनवणारे हजारो लोक त्यातून गेले. 1 जुलै 2022 ला योजनेची मुदत संपली. नवे अर्ज तपासणं थांबलं.

पण फरक बघा. अमेरिकेतल्या सुटे भागवाल्याला सिद्ध करावं लागायचं की त्याची नोकरी *कशामुळे* गेली. आयातीमुळे की आणखी कशानं, यावर वकील भांडायचे. नोकरी *होती* याबद्दल कुणाला शंका नसायची. आपल्याकडे कारण सगळ्यांना पाठ आहे. वराछाचा चहावालासुद्धा जकातीचा टक्का सांगेल. शंका आहे ती फक्त तुमच्याबद्दल.

गावी जाताना

काहीच जमलं नाही तर माणूस गावी जातो. उधन्याहून निघालेली गाडी नवापूरला थांबते. त्या स्टेशनची हद्द निम्मी गुजरातेत आहे आणि निम्मी महाराष्ट्रात. तिथं एक बाक आहे, त्यावर अर्ध्यापर्यंत 'गुजरात' आणि पुढे 'महाराष्ट्र' लिहिलेलं आहे. लोक उतरून फोटो काढतात. बेकारानं त्यावर बसावं जरूर, पण मधल्या रेघेवर बसू नये. गुजरात म्हणेल तुमचं आधार धुळ्याचं आहे, महाराष्ट्र म्हणेल तुमचं काम सुरतेत होतं.

गावी पोचल्यावर रोजगार हमी आहे. ही आपली स्वतःची वस्तू, वि. स. पागे यांची कल्पना, 1972 च्या दुष्काळात तिच्या कामांवर लाखो लोक जगले, 1977 मध्ये राज्यानं कायदा केला, आणि 2005 मध्ये केंद्रानं तसाच कायदा देशासाठी केला. त्या कायद्यात लिहिलं होतं की काम मागितल्यावर 15 दिवसांत मिळालं नाही तर बेकारभत्ता द्यायचा. जगात इतकी सरळ गोष्ट सरकारनं क्वचित लिहिली असेल. फक्त काम मागितल्याची तारीख घातलेली पोच हातात हवी. आणि ग्रामपंचायतीत पोच मागितली की शिक्का तालुक्याला गेलेला असतो.

शिफारसपत्रांच्या नादी लागू नका. सुरतेत खानदेशी माणसाला वाटतं की जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील दिल्लीत मंत्री आहेत, लिंबायतला संगीताताई पाटील आमदार आहेत, तेव्हा आपला पाटील आडनावाचा अर्ज आपोआप सरकेल. संगणकाला भाऊबंदकी कळत नाही. शिवाय रांगेत तुमच्या पुढचे चारही पाटीलच असतात.

पुन्हा नोकरी लागल्यास

बेकारीचा अर्ज तपासणीत असतानाच बहुतेकांना नवं काम लागतं, कारण खायला रोज लागतं. तेव्हा या वेळी चूक करू नका. पुढच्या बेकारीची तयारी नोकरीच्या पहिल्याच दिवशी सुरू करा. दारावरच्या पाटीचा फोटो काढा. चार पाट्या असतील तर चारही काढा. महिना भरला की फोनवर ईएसआयची वर्गणी जमा झाली का ते बघा. बघता येत नसेल तर दुकानात या, याचे मी पैसे घेत नाही.

आणि नेमणूकपत्र मागा. नव्या श्रमसंहितांनुसार ते देणं मालकाचं कर्तव्य आहे, तेव्हा लाजण्यासारखं काही नाही. आत जा, चप्पल बाहेर काढा, नमस्कार करा आणि म्हणा, "शेठ, अपॉइंटमेंट लेटर मिळेल का?" शेठ चष्म्यावरून बघेल. मुकादमाकडे बघेल. मग हसून विचारेल, "का रे, पहिल्याच दिवशी सोडून जायची तयारी करून आलास का?"

इथं 'हो' म्हणू नका.